गोदामाच्या दारावर फिक्स्ड आरएफआयडी रीडर निवडताना

भिवंडी, तळेगाव, चाकण या पट्ट्यातल्या गोदामांमध्ये आरएफआयडी यंत्रणा, म्हणजे खोक्यांवर चिकटवलेले चिपचे टॅग रेडिओ लहरींनी लांबून वाचणारी यंत्रणा, बसवण्याच्या कामात नव्याने येणारी मुलेमुली, मग ती इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेऊन आलेली असोत वा संगणकशास्त्राची पदवी, बहुधा एकच प्रश्न आधी विचारतात : सर्वांत लांबून वाचणारा रीडर कोणता? प्रश्न स्वाभाविक आहे, कारण विक्रेत्याच्या माहितीपत्रकात तोच आकडा ठळकपणे छापलेला असतो. परंतु गोदामाच्या डॉकचे, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या जागेचे, दार जेमतेम तीन मीटर रुंद असते आणि त्याला लागूनच दुसरे दार असते. दहा मीटरवरून वाचणारा रीडर इथे शेजारच्या दारातला माल, मागे रचून ठेवलेला परतीचा माल आणि गाडीत आधीच चढलेला माल असे सगळेच वाचतो. मग कोणते खोके कोणत्या गाडीतून गेले, हे संगणकाला सांगता येत नाही आणि ज्या कामासाठी यंत्रणा घेतली तेच होत नाही. म्हणून फिक्स्ड, म्हणजे एका जागी पक्का बसवलेला, रीडर किती लांब पोहोचतो यापेक्षा त्याला किती नेमके आवरता येते हे आधी पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

माहितीपत्रक उघडण्यापूर्वी मात्र माल पाहावा. गोदामात वापरले जाणारे पॅसिव्ह टॅग, म्हणजे स्वतःची बॅटरी नसलेले आणि रीडरच्या लहरींवरच चालणारे टॅग, यूएचएफ (अतिउच्च वारंवारतेच्या) पट्ट्यात चालतात. भारतात हा पट्टा ८६५ मेगाहर्ट्झपासून सुरू होतो आणि त्या लहरींची लांबी सुमारे ३५ सेंटिमीटर असते. धातूवरून या लहरी परावर्तित होतात आणि पाणी त्या शोषून घेते. खोबरेल तेलाच्या बाटल्यांचे पॅलेट (फळ्यांच्या पाटावर रचलेली खोक्यांची थप्पी) आणि शाम्पूच्या बाटल्यांचे पॅलेट बाहेरून सारखेच दिसतात, तरी तेलाचे पॅलेट आतल्या थरांपर्यंत सहज वाचले जाते आणि शाम्पूच्या पॅलेटमधले मधले खोके गायब होतात, कारण शाम्पूत बहुतांश पाणीच असते. यावरचा उपाय पुष्कळदा रीडरमध्ये नसून टॅग चिकटवण्याच्या जागेत असतो. शाम्पूच्या खोक्यात बाटल्यांच्या मानेपाशी, झाकणाखालच्या अरुंद भागाभोवती हवेची पोकळी राहते. टॅग खोक्याच्या बाहेरून, पण नेमका त्या उंचीवर लावला की न दिसणारे बरेच खोके दिसू लागतात. वेष्टनात ॲल्युमिनियमचा पातळ थर असलेल्या ज्यूसच्या पाकिटांना मात्र ही युक्ती पुरत नाही. तिथे खोक्यांची रचनाच अशी करावी लागते की प्रत्येक टॅग पॅलेटच्या बाहेरच्या बाजूला येईल.

पावसाळ्याचा विचारही याच टप्प्यावर करावा. जुलैमध्ये गाळ्याच्या दारात उतरवलेले पुठ्ठ्याचे खोके दमट असतात. पुठ्ठा पाणी धरतो आणि टॅगला मिळणारी ऊर्जा घटते. एप्रिलमध्ये उत्तम चाललेली चाचणी पावसात टिकेलच असे नाही. चाचणी उन्हाळ्यात करावीच लागली, तर थोडी ऊर्जा शिल्लक राहील असा हिशेब आधीच धरावा.

त्यानंतर कायद्याची बाजू येते आणि ती टाळता येत नाही. आपल्याकडे ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला आणि २०२१ मध्ये तो ८६८ पर्यंत वाढवला गेला. या नियमांत ट्रान्समीटरची कमाल शक्ती १ वॅट आणि प्रभावी प्रक्षेपित शक्ती ४ वॅट अशी मर्यादा घातलेली आहे. अमेरिकेत हेच काम ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झमध्ये चालते. त्यातला मोठा भाग आपल्याकडे मोबाइल सेवेच्या ९०० मेगाहर्ट्झ पट्ट्यात जातो, त्यामुळे अमेरिकेसाठी बनवलेला आणि त्याच पट्ट्यात कुलूपबंद केलेला रीडर, कितीही स्वस्त मिळाला तरी, येथे चालवणे बेकायदा आहे. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या देशांसाठी वेगवेगळ्या आवृत्त्या असतात, म्हणून खरेदीपत्रात केवळ मॉडेलचे नाव न लिहिता भारतासाठीच्या आवृत्तीचा पूर्ण भाग क्रमांक लिहावा आणि डब्ल्यूपीसीच्या (दूरसंचार विभागाच्या वायरलेस नियोजन शाखेच्या) उपकरण मान्यतेची प्रत मागून घ्यावी.

आता डेसिबलचे गणित. संगणकाच्या बाजूने आलेले नवखे याला बिचकतात, पण ते बेरीज-वजाबाकीपलीकडे जात नाही. डीबीएम म्हणजे १ मिलिवॅटच्या तुलनेत डेसिबलमध्ये मोजलेली शक्ती. १ वॅट म्हणजे ३० डीबीएम आणि ३ डीबीची घट म्हणजे शक्ती निम्मी. रीडरमधून ३० डीबीएम निघाले असे धरू. एलएमआर-२४० प्रकारच्या १० मीटर केबलमध्ये त्यातले सुमारे अडीच डीबी जातात. अँटेनाचा लाभ, म्हणजे शक्ती एका दिशेला एकवटल्याने होणारी वाढ, ६ डीबी मिळवावा आणि अँटेना वर्तुळाकार ध्रुवीकरणाची (लहरींच्या कंपनाची दिशा गोल फिरवणारी) व टॅग सरळ रेषेतला असल्यामुळे ३ डीबी वजा करावे. तीन मीटर मोकळ्या हवेत सुमारे ४१ डीबी घट होते. बाकी उरते ती टॅगपाशी साधारण उणे १० डीबीएम. आजच्या चिपला जागे होण्यासाठी यापेक्षा कितीतरी कमी शक्ती पुरते : इम्पिंजच्या मोंझा आर६ ला उणे २२ च्या आसपास आणि एनएक्सपीच्या युकोड ९ ला उणे २४. म्हणजे मोकळ्या हवेत आपल्यापाशी सुमारे १२ डीबी तरी शिल्लक असते आणि ही सगळी शिल्लक शाम्पू, दमट पुठ्ठा आणि पॅलेटच्या आत वाकडातिकडा बसलेला टॅग खाऊन टाकतात. हे आकडे एकदा स्वतः कागदावर मांडले की माहितीपत्रकातल्या ३३ डीबीएमचे अप्रूप उरत नाही. टॅगची जागा बदलून किंवा केबल आखूड करून जे साधते, ते रीडर बदलून क्वचितच साधते. १० मीटरसाठी जाड एलएमआर-४०० केबल घेतली तर घट निम्म्यावर येते, पण ती केबल कडक असते आणि दाराच्या चौकटीभोवती वळवायला जड जाते. माझी पसंती रीडर दाराच्या वरच बसवून केबल चार-पाच मीटरांत आटोपण्याला असते.

अँटेनांच्या जोडण्या किती हव्यात, हा पुढचा निर्णय आहे आणि इथे खर्च वाचवण्याचा मोह सर्वाधिक होतो. बाजारात चार जोडण्यांचे रीडर आहेत, तसेच झेब्राच्या एफएक्स९६०० सारखे आठ जोडण्यांचेही आहेत. आठ जोडण्यांचा एकच रीडर घेऊन दोन दारे भागवावीत, हा विचार लगेच सुचतो. परंतु फिक्स्ड रीडर सर्व अँटेना एकाच वेळी चालवत नाही, तो त्यांना आळीपाळीने ऊर्जा देतो. फोर्कलिफ्ट सेकंदाला २ मीटर वेगाने दारातून गेली आणि वाचनाचा पट्टा ३ मीटरचा असला, तर पॅलेट दीड सेकंदच समोर असते. प्रत्येक अँटेनाला २०० मिलिसेकंद दिले, तर चार अँटेनांची एक फेरी ०.८ सेकंदांत संपते आणि प्रत्येकीला जवळजवळ दोनदा संधी मिळते. आठ अँटेनांची फेरी १.६ सेकंदांची होते, म्हणजे एखाद्या अँटेनाची पाळी येण्यापूर्वीच पॅलेट निघून गेलेले असते. प्रकाशकिरणाच्या सेन्सरने ज्या दारात हालचाल आहे तेवढ्याच चार अँटेना चालू ठेवता येतात हे खरे, पण संध्याकाळी माल रवाना करण्याच्या घाईत माथाडी कामगार दोन्ही दारांतून एकदमच माल काढत असतात. वर्दळीच्या गोदामात दरवाजागणिक वेगळा रीडर घ्यावा. दिवसातून चार गाड्या येणाऱ्या ठिकाणी आठ जोडण्यांचा एक चालून जातो.

रीडरला आवरण्याच्या सोयी पाहताना तीन गोष्टी प्रत्यक्ष चालवून पाहाव्यात. पहिली म्हणजे प्रत्येक अँटेनाची शक्ती स्वतंत्रपणे आणि बारीक टप्प्यांनी कमी करता येते का. दुसरी म्हणजे सेन्सर आणि दिव्यांसाठी इनपुट-आउटपुट जोडण्या रीडरवरच आहेत का, कारण फोर्कलिफ्ट आली की वाचन सुरू व्हावे आणि गेली की थांबावे, ही व्यवस्था चुकार, म्हणजे नको असलेल्या टॅगच्या, वाचनाविरुद्ध सर्वाधिक उपयोगी पडते. तिसरी गोष्ट सेशनची, म्हणजे वाचल्यावर टॅगने किती काळ गप्प राहावे याच्या रीडरवरच्या निवडीची, आहे आणि ती जरा सावकाश समजून घ्यावी. रीडर आणि टॅग यांच्या संभाषणाच्या जेन२ प्रमाणात, म्हणजेच आयएसओ १८०००-६३ मध्ये, वाचला गेलेला टॅग काही काळ गप्प राहतो. सेशन १ मध्ये हा काळ अर्धा ते पाच सेकंद असतो. सेशन २ मध्ये टॅगला ऊर्जा मिळत आहे तोवर तो गप्पच राहतो आणि ऊर्जा तुटल्यावरही किमान दोन सेकंद तसाच राहतो. दारे जवळजवळ असतील आणि दोन्हीकडे सेशन २ लावलेले असेल, तर शेजारच्या दाराने ओझरता वाचलेला टॅग त्याच्या खऱ्या दारातून जाताना बोलतच नाही. ‘रीडर वाचत नाही’ अशी तक्रार घेऊन गेलेल्या तंत्रज्ञाला रीडरमध्ये काहीच बिघाड सापडत नाही, त्याचे एक कारण हे असते. दारांच्या मध्ये धातूची जाळी किंवा पत्रा उभा करणे हा साधा उपायही विसरू नये. मात्र अर्धे उघडलेले लोखंडी शटर हाही एक आरसाच असतो, त्यामुळे शटरच्या प्रत्येक स्थितीत वाचन तपासावे.

परके टॅग ही आणखी एक अडचण आहे. फास्टॅग याच पट्ट्यात आणि याच प्रमाणानुसार चालतो, म्हणून गोदामाच्या फाटकावर बसवलेल्या रीडरला मालाबरोबर ट्रकच्या काचेवरचा फास्टॅगही दिसतो. कधी एखाद्या कामगाराच्या नव्या शर्टाला राहिलेला ब्रँडचा टॅगही वाचला जातो. आपल्या टॅगच्या क्रमांकाची सुरुवात ठरवून घेऊन तेवढेच टॅग पुढे पाठवण्याची चाळणी रीडरमध्येच लावता आली पाहिजे. एकच टॅग सेकंदात अनेकदा वाचला जातो आणि ती प्रत्येक नोंद ईआरपीकडे (कंपनीचा साठा व हिशेब सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरकडे) गेली तर तिथली माणसे हैराण होतात. रीडर आणि सॉफ्टवेअर यांच्यातल्या संवादाचा जुना एलएलआरपी प्रोटोकॉल बहुतेक सर्व रीडर समजतात, त्यामुळे पुढे कंपनी बदलली तरी सॉफ्टवेअर पूर्ण नव्याने लिहावे लागत नाही. इम्पिंज आर७०० सारख्या नव्या रीडरमध्ये एमक्यूटीटी आणि रेस्ट या सॉफ्टवेअरमधल्या नेहमीच्या संवादपद्धतींची सोय आहे आणि संगणकाच्या बाजूने आलेल्यांना ती अधिक जवळची वाटेल.

वीज आणि उष्णता यांबद्दल थोडक्यात सांगतो. नेटवर्क केबलमधूनच वीज देणारा (पीओई) स्विच असेल तर काम सुटसुटीत होते, पण साध्या पीओईवर काही रीडर पूर्ण शक्तीने चालत नाहीत, तेव्हा अधिक वीज देणाऱ्या पीओई प्लसचा स्विच लागतो का ते आधी विचारावे. पत्र्याच्या छपराखाली मे महिन्यात हवा फार तापते आणि रीडरची मर्यादा सहसा ५० ते ५५ अंश सेल्सिअस असते, म्हणून तो छपराला चिकटवू नये. जनरेटर सुरू होतानाचा झटका सोसण्यासाठी यूपीएस व नीट अर्थिंग लागतेच.

निवड दोन रीडरांवर आली की दोन्ही काही दिवसांसाठी मागून घ्यावेत आणि विक्रेत्याचे नमुना टॅग बाजूला ठेवून आपल्याच मालावर, आपल्याच दारात, आपल्याच फोर्कलिफ्टने चाचणी करावी. शेजारच्या दारात मुद्दाम टॅग लावलेले भरलेले पॅलेट उभे ठेवावे आणि दोन आकडे वेगवेगळे लिहावेत : दारातून गेलेल्यांपैकी किती वाचले आणि न गेलेल्यांपैकी किती वाचले. खरेदीपत्रात या दोन्ही आकड्यांची मर्यादा लिहावी, चाचणी कोणत्या मालावर होईल ते नमूद करावे आणि शेवटचा हप्ता ती चाचणी पावसाळ्यात पुन्हा उत्तीर्ण होईपर्यंत राखून ठेवावा. विक्रेते याला सुरुवातीला कुरकुरतात, पण ज्यांना आपल्या उपकरणाची खात्री असते ते मान्य करतात.