जुन्या छायाचित्रातील अ‍ॅस्ट्रा एअरशिप कसे ओळखावे

पहिल्या महायुद्धापूर्वीच्या फ्रेंच पोस्टकार्डांवर एअरशिपची, म्हणजे वायूने भरलेल्या आणि इंजिनावर चालणाऱ्या हवाई जहाजांची छायाचित्रे वारंवार आढळतात. मात्र त्यांच्याखाली बहुधा जहाजाचेच नाव छापलेले असते, कारखान्याचे क्वचितच. एदुआर स्युरकूफ यांच्या बियांकूर येथील बलूनच्या कार्यशाळेतून वाढलेल्या आणि 1908-09 च्या सुमारास तेलउद्योगपती आँरी दॉइच द ला मर्त यांच्या भांडवलावर उभ्या राहिलेल्या ‘अ‍ॅस्ट्रा’ कंपनीची जहाजे या गर्दीतून वेगळी काढायची असतील, तर नावाऐवजी बांधणीकडे पाहावे. या कंपनीने जहाजाची शेपटी आणि आवरणाचा, म्हणजे वायू भरलेल्या कापडी पिशवीचा, आकार थोड्याच वर्षांत पूर्णपणे बदलला, त्यामुळे ओळख पटण्याबरोबरच काळाचाही अंदाज येतो.

नावावर विसंबणे किती धोक्याचे आहे, हे एका उदाहरणावरून ध्यानात यावे. लेबोदी बंधूंच्या कारखान्यात बांधलेले ‘रेपुब्लिक’ हे लष्करी जहाज 25 सप्टेंबर 1909 रोजी मूलाँ शहराजवळ कोसळले. पंख्याचे तुटलेले पाते आवरणात घुसल्याने ते फाटले आणि जहाजावरील चौघेही मरण पावले. पुढे त्या चौघांची नावे नव्या लष्करी जहाजांना देण्यात आली. त्यांपैकी ‘कापितेन मार्शाल’ लेबोदीचे, ‘आद्ज्युदाँ व्हँसनो’ क्लेमाँ-बेयारचे, तर ‘लियतनाँ शोरे’ आणि ‘आद्ज्युदाँ रेओ’ अ‍ॅस्ट्राचे. एकाच अपघाताच्या स्मृतीची चार नावे तीन कारखान्यांत विभागली गेल्यामुळे केवळ त्यांवरून काहीच निष्कर्ष काढता येत नाही. शहरांच्या नावांचे जरा बरे आहे, कारण ‘व्हिल द’ म्हणजे ‘अमुक शहर’ अशी सुरुवात असलेली नावे अ‍ॅस्ट्राच्या जहाजांना विशेष मिळाली: ‘व्हिल द नान्सी’, ‘व्हिल द बोर्दो’, ‘व्हिल द पो’. पण स्वित्झर्लंडमधील ल्यूसर्न येथे प्रवासी उड्डाणांसाठी नेलेल्या जहाजाला तेथे ‘व्हिल द ल्यूसर्न’ म्हणू लागले, त्यामुळे एकच जहाज दोन नावांनी समोर येऊ शकते.

म्हणून पाहणीची सुरुवात आवरण आणि गोंडोला (माणसे व इंजिन असलेला खालचा टांगता भाग) यांच्यामधल्या जागेपासून करावी. आवरणाच्या पोटाला लागूनच पोलादी नळ्यांचा सपाट सांगाडा असेल, त्याखाली होडीसारखा आखूड गोंडोला टांगलेला असेल आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक पंखा दिसत असेल, तर ते जहाज लेबोदीचे समजावे. याउलट सांगाडा नसून बरेच दोर खाली येत असतील आणि गोंडोला जाळीदार व लांबलचक असून त्याच्या पुढच्या टोकाला एकच मोठा पंखा असेल, तर अ‍ॅस्ट्राची शक्यता बळावते. मोरिस माले यांच्या झोदियाक कंपनीची लहान क्रीडाजहाजेही लांब जाळीदार गोंडोल्याचीच असत. परंतु त्यांचे आवरण इतके छोटे असते की शेजारी उभ्या माणसांशी तुलना करताच फरक कळतो.

यानंतर शेपटी पाहावी, कारण खरी साक्ष तिचीच आहे. स्युरकूफ यांनी दॉइच यांच्यासाठी 1906 मध्ये बांधलेल्या ‘व्हिल द पारी’च्या शेपटीभोवती वायूने भरलेल्या आठ नळकांड्या जोड्याजोड्यांनी बसवलेल्या होत्या. जहाज डोलू नये यासाठी कर्नल शार्ल रनार यांनी सुचवलेल्या कल्पनेतून ही रचना आली होती. भरलेल्या नळकांड्या स्वतःचे वजन स्वतःच पेलत, त्यामुळे शेपटीवर भार येत नसे. हवेला होणारा अडथळा मात्र मोठा होता, आणि आजच्या नजरेला तर ती शेपटी सॉसेजच्या जुडीसारखी दिसते. अशी जुडी दिसली की ते ‘व्हिल द पारी’च, असे जवळपास निःशंकपणे म्हणावे. लेबोदीचे ‘पात्री’ हे जहाज नोव्हेंबर 1907 च्या अखेरीस व्हेर्दांजवळून वादळात वाहून गेल्यावर दॉइच यांनी हेच जहाज लष्कराच्या हवाली केले आणि जानेवारी 1908 मध्ये ते व्हेर्दांला पोहोचले; तेव्हा छायाचित्रात सैनिक दिसले तरी गोंधळून जाऊ नये.

आठ नळकांड्यांऐवजी आवरणातूनच फुटल्यासारखे वाटणारे चार फुगीर पंख दिसले, तर आपण 1909 च्या आसपासच्या ‘कोलोनेल रनार’ किंवा ‘व्हिल द नान्सी’च्या पिढीत आहोत. येथे एक सापळा आहे: क्लेमाँ-बेयार कारखान्याच्या आदोल्फ क्लेमाँ यांचे ऑक्टोबर 1908 मध्ये उडालेले पहिले जहाज अ‍ॅस्ट्राच्या सहकार्याने बांधले गेले असल्यामुळे त्याची शेपटीही अशीच आहे. क्लेमाँ यांच्या दुसऱ्या जहाजाला, म्हणजे 16 ऑक्टोबर 1910 रोजी इंग्लिश खाडी ओलांडून लंडनला पोहोचलेल्या जहाजाला, हे फुगीर पंख नव्हते, त्यामुळे तेथे संशय उरत नाही.

1911 पासून ओळख सर्वांत सोपी होते. स्पॅनिश अभियंते लिओनार्दो तोरेस केवेदो यांच्या रचनेनुसार अ‍ॅस्ट्राने बांधलेल्या अ‍ॅस्ट्रा-तोरेस जहाजांचे आवरण गोल नसून तीन पाळ्यांचे, वर एक व खाली दोन, असे असते. पाळ्या जेथे मिळतात तेथे आतून दोर आणि कापडी पडदे ताणलेले असत. वायूच्या दाबाने ते घट्ट होऊन आवरणाला ताठपणा येई आणि गोंडोला पेलणारे बहुतेक दोर आवरणाच्या आतच राहत. त्यामुळे बाजूने घेतलेल्या छायाचित्रात आवरणावर लांबच्या लांब खाच पडलेली दिसते आणि बाहेर फार थोडे दोर आढळतात. प्रतिमा अस्पष्ट असेल, तर समोरून किंवा मागून घेतलेले दुसरे छायाचित्र शोधावे. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या गॅलिका या डिजिटल संग्रहात त्या काळची सचित्र नियतकालिके मोफत पाहता येतात.

तीन पाळ्या दिसल्या म्हणजे कारखाना फ्रेंच असलाच पाहिजे, असे मात्र नाही. ब्रिटिश नौदलाने 1913 मध्ये अ‍ॅस्ट्रा-तोरेस जहाज विकत घेतले, 1914 मध्ये खाडीवरील गस्तीसाठी वापरले आणि महायुद्धाच्या काळात याच आकाराच्या आवरणाची आपली ‘कोस्टल’ जहाजे बांधली. त्यांचा गोंडोला दोन विमानांची धडे शेपट्या कापून एकमेकांना जोडून केलेला असून त्याच्या पुढे एक आणि मागे एक असे दोन पंखे असतात. असा गोंडोला आढळल्यास ते कार्ड अ‍ॅस्ट्राच्या संग्रहातून बाजूला काढून ठेवावे.