बाटलीबंद पाणी न घेता घरातलंच पाणी पिण्याजोगं कसं करावं

ताज्या अन्नाचं दुकान ज्या वस्तीपासून लांब असतं, तिथे पाण्याचाही हिशेब बिघडतो. हाताशी मिळतात त्या गोड पेयांच्या आणि पाण्याच्या छोट्या महागड्या बाटल्या, आणि मोठा कॅन रोज लांबून वाहून आणणं जमत नाही. माणशी 3 लिटर धरले तरी पाच जणांच्या घराला नुसतं प्यायलाच दिवसाला 15 लिटर लागतात. म्हणून घरात येणारं पाणीच नीट करून घ्या. त्याआधी दोष कोणता ते ओळखा, कारण पैसे वाया जातात ते चुकीच्या दोषावरचा उपाय विकत घेतल्यामुळे.

दोष तीन प्रकारचे असतात: गढूळपणा, जंतू आणि विरघळलेली द्रव्यं. आर्सेनिक, फ्लोराइड, नायट्रेट आणि शिसं उकळून जात नाहीत. उलट पाणी आटतं आणि त्यांचं प्रमाण वाढतं. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी असेल तर प्रयोगशाळेतून एकदा तरी तपासून घ्याच. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे आर्सेनिकला 0.01, फ्लोराइडला 1.5 आणि नायट्रेटला 50 मिलिग्रॅम आहे. नायट्रेट जास्त असलेलं पाणी तान्ह्या बाळाच्या दुधात मुळीच मिसळू नका. टीडीएस मीटरच्या आकड्यावर विसंबू नका. तो एकूण क्षारांचा अंदाज देतो, जंतू त्याला दिसत नाहीत. आकडा कमी म्हणून पाणी शुद्ध, हा समज घातक आहे.

जंतूंचा बंदोबस्त करण्याआधी पाणी निवळू द्या. रात्रभर स्थिर ठेवा, वरचं पाणी हलक्या हाताने ओता आणि जुन्या सुती कापडाच्या चार ते आठ घड्यांतून गाळा. कापड जुनंच घ्या. धुऊन धुऊन धागे फुगतात आणि छिद्रं बारीक होतात.

रोजच्या वापराला क्लोरीन सगळ्यात स्वस्त पडतं. बिनवासाचं, रंग किंवा साबण न मिसळलेलं साधं ब्लीच घ्या. लेबलवर सोडियम हायपोक्लोराइट 5 ते 6 टक्के असेल तर लिटरला 2 थेंब, म्हणजे 10 लिटरला साधारण 1 मिली. गाळूनही पाणी धूसर राहिलं तर मात्रा दुप्पट करा. ढवळून 30 मिनिटं झाकून ठेवा, पाणी फार थंड असेल तर तासभर. मग वास घ्या, क्लोरीनचा पुसटसा वास यायला हवा. आला नाही तर तेवढीच मात्रा पुन्हा घालून 15 मिनिटं थांबा. तरीही आला नाही तर ते पाणी पिऊ नका. फसगत होते ती बहुधा जुन्या ब्लीचमुळे. ऊन आणि उष्णता लागली की बाटलीतलं क्लोरीन उडत जातं, म्हणून ती अंधाऱ्या, थंड जागी ठेवा आणि उघडल्याची तारीख वर लिहा. एक मात्र लक्षात असू द्या: क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी क्लोरीनला दाद देत नाही. त्याची शंका असेल तर उकळणंच बरं. खळखळून उकळी आल्यावर 1 मिनिट, 2000 मीटरपेक्षा उंचावर 3 मिनिटं. जास्त वेळ उकळण्यात नुसतं इंधन जळतं.

इंधन आणि ब्लीच दोन्ही नसेल तेव्हा ऊन वापरा. 2 लिटरपर्यंतची पारदर्शक, ओरखडे नसलेली पीईटीची (पाण्याच्या आणि पेयांच्या बाटल्यांचं नेहमीचं प्लास्टिक) बाटली भरून कडक उन्हात आडवी ठेवा: स्वच्छ आभाळात 6 तास, निम्म्याहून जास्त ढग असतील तर सलग 2 दिवस. आधी लेबल काढून भरलेली बाटली वर्तमानपत्राच्या मोठ्या मथळ्यावर उभी करा आणि तोंडातून खाली बघा. अक्षरं वाचता आली नाहीत तर पाणी अजून गढूळ आहे, पुन्हा गाळा.

कँडलचा फिल्टर असेल तर कँडल मऊ ब्रशने, साबण न लावता घासा. धार अचानक वाढली तर खूश होऊ नका, बहुधा कँडलला तडा गेलेला असतो.

इतकं करून पाणी पुन्हा बिघडतं ते साठवणीत. शुद्ध केलेल्या पाण्यात पेला धरलेला हात बुडाला की सगळी मेहनत गेली. हात आत जाणार नाही अशा तोंडाचं, झाकणाचं आणि तोटीचं भांडं घ्या. तोटी नसेल तर लांब दांड्याचं ओगराळं ठेवा आणि ते बाहेर टांगा. भांडं दर वेळी रिकामं करून धुवा, उरलेल्या पाण्यावर नवं ओतू नका.

नळजोडणीच नसेल, तर सार्वजनिक नळाची मागणी करताना आकडे जोडा. आपत्तीतल्या मदतकार्यासाठीचं स्फियर मानक सांगतं: नळ 500 मीटरच्या आत, रांगेत 30 मिनिटांपेक्षा कमी थांबणं, आणि मिनिटाला 7.5 लिटर देणाऱ्या नळावर जास्तीत जास्त 250 माणसं. पिणं, स्वयंपाक आणि धुणं मिळून दिवसाला माणशी 15 लिटर धरले तर तो नळ 500 मिनिटं, म्हणजे आठ तासांहून जास्त वाहायला हवा. तुमच्या नळाखाली 20 लिटरचा कॅन लावून घड्याळ बघा. 2 मिनिटं 40 सेकंदांपेक्षा जास्त लागले तर धार या मानकापेक्षा कमी आहे. कॅनला लागलेला वेळ, पाणी येण्याचे तास आणि त्या नळावरची माणसं, हे तिन्ही सलग सात दिवस टिपा आणि तो कागद अर्जाला जोडा.