मोरोक्कोची सांस्कृतिक सहल ठरवताना या चुका टाळा

मोरोक्कोच्या सहलीची कार्यक्रमपत्रिका हाती आली की आपली पहिली नजर जाते ती ठिकाणांच्या यादीवर आणि दुसरी दरावर. कासाब्लांका, रबात, मेकनेस, फेस, मर्झूगा, माराकेश आणि जमल्यास निळ्या घरांचे शेफशाऊन, असे सगळे आठ दिवसांत बसवलेले असते. तेवढ्याच पैशांत एक शहर जास्त दाखवणारी कंपनी मग साहजिकच सरस वाटते. परंतु जुनी शहरे, ॲटलास पर्वत आणि सहारा यांची ही फेरी बिघडते ती बहुधा तिकडे पोहोचल्यावर नव्हे, तर पुण्यात बसून आगाऊ रक्कम भरताना. कार्यक्रमपत्रिकेत गावांची नावे असतात. गाडीत किती तास बसायचे आणि त्या गावात पायी किती वेळ मिळायचा, हे नसते. ते विचारून घेणे हे आपले काम आहे.

ठिकाणे मोजणे, तास न मोजणे

फेसहून मर्झूगाला जाणारा रस्ता सुमारे ४७० किलोमीटरचा आहे. इफ्रान, अझ्रूचे देवदारांचे जंगल, मिदेल्त आणि मग झीझ नदीच्या खोऱ्यातील खजुरांचे मळे, असा तो मध्य ॲटलास ओलांडून वाळवंटाकडे उतरतो आणि जेवणाचे व चहाचे थांबे धरले तर अख्खा दिवस घेतो. हा दिवस मात्र वाया जात नाही, कारण देखावा दर दोन तासांनी पालटत राहतो. खरी अडचण परतीच्या वाटेवर येते. मर्झूगा ते माराकेश हे अंतर सुमारे ५६० किलोमीटर, म्हणजे जवळपास पुणे ते हैदराबाद एवढे आहे. फरक असा की शेवटच्या टप्प्यात उच्च ॲटलास आडवा येतो आणि रस्ता तिझी न्'तिश्का या २,२६० मीटर उंचीच्या खिंडीतून जातो, जी आपल्या कळसूबाईच्या शिखराहून सहाशे मीटरने उंच आहे. हा प्रवास एका दिवसात बसवला की तोद्राची घळ खिडकीतून दिसते आणि आयत बेनहद्दूच्या वाट्याला जेमतेम वीस मिनिटे येतात.

वीस मिनिटांत आयत बेनहद्दूचे काय पाहता येते? नदीच्या अलीकडच्या काठावरून एक छायाचित्र घेता येते, बस. सहारा आणि माराकेश यांना जोडणाऱ्या जुन्या काफिल्यांच्या मार्गावरचे हे मातीचे गाव १९८७ पासून जागतिक वारसा यादीत आहे, आणि त्याचे म्हणणे समजते ते नदी ओलांडून, घरांमधल्या चढणीच्या बोळांतून माथ्यावरच्या धान्यकोठारापर्यंत गेल्यावर. मनोऱ्यांच्या वरच्या भागातली भौमितिक नक्षी जवळून पाहिली, आणि पावसाने धुपलेली भिंत व नव्याने लिंपलेली भिंत शेजारी शेजारी दिसली, की ही वास्तू सतत डागडुजीवरच उभी आहे हे लक्षात येते. त्यासाठी किमान दीड-दोन तास हवेत. म्हणून दादेसच्या खोऱ्यात, तोद्राजवळ किंवा वारझाझातला एक मुक्काम कार्यक्रमात आहे की नाही, हे सर्वांत आधी पाहावे. नसेल तर शेफशाऊन सोडून द्यावे. ते उत्तरेला रीफ पर्वतात, म्हणजे वाळवंटाच्या नेमक्या उलट दिशेला आहे, आणि फेसहून त्याच्या जाण्या-येण्यातच एक दिवस संपतो. छायाचित्रांत ते कितीही देखणे दिसत असले तरी पहिल्या फेरीत ही अदलाबदल फायद्याची ठरते, असे माझे स्पष्ट मत आहे.

हिवाळ्यात तिश्काची खिंड बर्फामुळे कधीकधी बंद होते. त्यामुळे वाळवंटातून निघून त्याच रात्री कासाब्लांकाहून विमान पकडण्याचा कार्यक्रम स्वीकारूच नये. परतीच्या उड्डाणाआधीची एक रात्र माराकेश किंवा कासाब्लांकात मोकळी ठेवावी. ८ सप्टेंबर २०२३ च्या ६.८ तीव्रतेच्या भूकंपात माराकेशच्या दक्षिणेकडील पर्वतातली अनेक गावे उद्ध्वस्त झाली. त्या भागातला मुक्काम यादीत असेल तर निवासाची आजची स्थिती लेखी विचारावी.

‘वाळवंटात एक रात्र’ या शब्दांवर समाधान मानणे

कार्यक्रमपत्रिकेत वाळवंटाचे नाव नसेल तर ते विचारावे, कारण या एका शब्दाखाली किमान तीन वेगळ्या जागा विकल्या जातात. माराकेशपासून तासाभरावरचे अगाफाय हे दगडगोट्यांचे माळरान आहे. तिथे वाळूच्या टेकड्या नाहीत. दोन दिवसांच्या सहली बहुतेक झागोराला जातात, जिथला परिसर मुख्यतः खडकाळ आणि टेकड्या लहान आहेत. डोळ्यांसमोर असते ती नारिंगी वाळूची उंच रांग मर्झूगाजवळच्या एर्ग शेब्बीची, आणि माराकेशहून तिथे जाऊन यायला तीन दिवसांहून कमी वेळ पुरत नाही. अगाफायचा सूर्यास्त वाईट नाही, पण सहारा समजून तिथे गेलेल्या माणसाला तो फसवणुकीसारखा वाटतो, आणि त्यात त्या माळरानाचा काही दोष नसतो.

मर्झूगाच्या तंबूंबाबत दुसरी चूक कपड्यांची होते. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान शून्याच्या आसपास उतरते, तर जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी पारा चाळिशीच्या बराच पुढे जातो. ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा मार्च-एप्रिल हे महिने बरे. वसंतात मात्र वाळूचे वारे सुटतात, तेव्हा कॅमेऱ्यासाठी बंद होणारी पिशवी हवी. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी उंटाची बैठक प्रतिष्ठेची करू नये. उंट उठताना आधी मागचे पाय सरळ करतो आणि स्वार एकदम पुढे झुकतो. त्या झटक्यापेक्षा छावणीपर्यंत जीप मागून घेणे केव्हाही शहाणपणाचे, आणि हे आदल्या दिवशी सांगितले तर सहसा सोय होते.

चालकालाच गाइड समजणे

इंग्रजी बोलणारा, मनमिळाऊ चालक वाटेत पुष्कळ माहिती देतो, परंतु जुन्या शहरात तो आपल्याला दाराशी सोडून थांबतो. मोरोक्कोत गाइडसाठी सरकारी परवाना लागतो. शहरांचा आणि डोंगराळ भागाचा परवाना निराळा असतो, आणि अधिकृत गाइडजवळ पर्यटन मंत्रालयाचे ओळखपत्र असते. फेस, माराकेश आणि पर्वतातील पदभ्रमण यांसाठी असे गाइड दरात धरले आहेत का, किती तासांसाठी आणि किती माणसांमागे एक, हे तिन्ही प्रश्न विचारावेत. फेसच्या जुन्या शहरात काही गल्ल्यांतून दोन माणसे शेजारी चालू शकत नाहीत. मागून ‘बालाक, बालाक’ अशी आरोळी आली की लादलेल्या खेचराला वाट देण्यासाठी भिंतीला चिकटावे लागते, आणि अशा जागी चाळीसजणांच्या रांगेतल्या शेवटच्या दहांना गाइडची फक्त छत्री दिसते.

गाइड घेऊनही त्याला प्रश्न न विचारणे ही त्याहून सूक्ष्म चूक आहे. फेसमधील करावियीन मशिदीची स्थापना फातिमा अल-फिहरी यांनी ८५९ मध्ये केली, असे परंपरा सांगते. ती यादीत असली तरी मुस्लिमेतरांना दारातूनच पाहावी लागते. मोरोक्कोतील जवळजवळ सर्व मशिदींना हाच नियम आहे आणि कासाब्लांकातील राजे हसन दुसरे यांची मशीद हा त्यातला ठळक अपवाद. उलट, त्याच जुन्या शहरातली बू इनानिया मदरशाची वास्तू आत जाऊन निवांत पाहता येते. चौदाव्या शतकात ती उभारणाऱ्या सुलतान अबू इनानच्याच आज्ञेवरून तांजियरच्या इब्न बतूता या भटक्या प्रवाशाने आपला प्रवास सांगून लिहून घेतला, आणि त्या प्रवासात आपला दौलताबाद आहे, मराठ्यांचा उल्लेखही आहे. मराठी पाहुण्याला त्यात काय रस असेल याची तिथल्या गाइडला कल्पना नसते. विषय आपणच काढावा लागतो, आणि काढला की पाठ केलेले भाषण थांबून खरे बोलणे सुरू होते.

खरेदीची बाब आधीच स्पष्ट करावी. फेसमधील शुआरा या चर्मशाळेतील, म्हणजे कातडी कमावण्याच्या जागेतील, रंगांचे हौद दिसतात ते भोवतालच्या चामड्याच्या दुकानांच्या गच्चीवरून. कातडी मऊ करण्यासाठी चुना आणि कबुतरांची विष्ठा वापरतात, म्हणून वर जाताना हातात पुदिन्याची काडी देतात, आणि खाली उतरताना वाट दुकानातूनच जाते. एवढे चालवून घ्यावे. मात्र गालिचे, मसाले, तेल आणि दिवे अशा चार दुकानांत अर्धा दिवस जात असेल, तर सकाळीच गाइडला ‘एकच दुकान, तेही शेवटी’ असे नम्रपणे सांगावे. गालिच्याच्या दुकानात दिलेला पुदिन्याचा चहा घेतला म्हणून काही घेतलेच पाहिजे असे बंधन नाही.

गाइडशिवाय फिरताना फेसमध्ये वाट चुकलीच, तर ‘इकडे रस्ता बंद आहे, मी नेतो’ म्हणणाऱ्या मुलामागे जाऊ नये. तला कबीरा आणि तला सघीरा या दोन मुख्य गल्ल्या बाब बुजलूद या दरवाजापासून खाली उतरतात; त्यांपैकी कोणतीही एक सापडली की चढाच्या दिशेने चालत राहावे, दरवाजा येतो. एखाद्या दुकानदाराला विचारणे सुरक्षित, कारण तो दुकान सोडून मागे येत नाही.

‘आम्ही शाकाहारी’ एवढेच सांगणे

भाज्यांचा ताजीन, म्हणजे झाकणाच्या मातीच्या भांड्यात शिजवलेला पदार्थ, मागवला, शंकूसारखे झाकण उघडले, तर वर बटाटा, गाजर, दुधीसारखी हिरवी कुर्जेट सुबक रचलेली आणि तळाशी कोंबडीची तंगडी, असे घडते. तिथल्या स्वयंपाक्याच्या दृष्टीने मांस बाजूला काढले की काम झाले. रस्सा मांसाचा असणे त्याला खटकत नाही. कुसकुस या रव्याच्या वाफवलेल्या पदार्थावरच्या भाज्याही अनेकदा मांसाच्याच रश्शात शिजतात आणि हरीरा सुपात मांसाचे तुकडे असू शकतात. म्हणून रस्सा, कोंबडी, मासे व अंडी यांपैकी काय चालत नाही, हे फ्रेंच आणि अरबीत लिहिलेला कागद कंपनीकडून घ्यावा आणि वाळवंटातल्या छावणीला तो दोन दिवस आधी कळवायला लावावा. बिसारा हे सुक्या बाकल्याचे, जिरे व ऑलिव्ह तेल घातलेले दाट सूप, वांग्याचा झालूक, मसूर, ताजी पोळी आणि संत्री यांवर सुखाने दिवस जातात. खाकरे, चिवडा, मेतकूट न्यावे; रियादच्या, म्हणजे मधे चौक असलेल्या जुन्या वाड्यातल्या निवासाच्या, खोलीत इंडक्शनची शेगडी मात्र लावू नये.

रमजानमध्ये जाऊच नये असे नाही, पण घड्याळाकडे लक्ष हवे. त्या महिन्यात देशाचे घड्याळ एक तास मागे जाते, स्थळे लवकर बंद होतात आणि उपाशी चालकाकडून संध्याकाळी लांब पल्ला काढून घेणे धोक्याचे असते. एरवीही शुक्रवारी दुपारी फेसच्या बाजारातली पुष्कळ दुकाने बंद असतात, तेव्हा खरेदी त्या दिवशी ठेवू नये. ड्रोन घरी ठेवावा. परवान्याविना आणलेला तो विमानतळावरच जप्त होतो. चाकांची मोठी बॅग गाडीत राहू द्यावी आणि जुन्या शहरात व छावणीत रात्रीपुरती खांद्यावरची पिशवी न्यावी.

पैशांच्या बाबतीत एक चूक आवर्जून टाळावी. दुबई किंवा अबू धाबीमार्गे जाताना तिथलाच दिरहम बदलून घेतला जातो. मोरोक्कोचा दिरहम हे वेगळे चलन आहे आणि ते देशाबाहेर सहसा मिळत नाही. पुण्याहून युरो किंवा डॉलर न्यावेत, उतरल्यावर गरजेपुरते बदलावेत, बक्षिसीसाठी सुटी नाणी मागून घ्यावीत आणि पावती जपावी. उरलेले दिरहम परत बदलताना ती मागितली जाऊ शकते.