जुना ट्यूबा घेताना व्हॉल्व्हची परीक्षा
स्वस्तातला जुना ट्यूबा (फुंकून वाजवायचं मोठं पितळी वाद्य) बघताना चकाकीला भुलू नका. उडालेल्या लॅकरने (पितळावरच्या चकाकत्या थराने) आवाज बिघडत नाही. झिजलेल्या व्हॉल्व्हने (स्वर बदलायला दाबतात त्या झडपेने) बिघडतो. व्हॉल्व्हला तेल द्या, तो न दाबता त्याची स्लाइड (त्याला जोडलेली सरकती नळी) अर्धवट ओढा (पूर्ण काढू नका), 4-5 सेकंद थांबा आणि मग व्हॉल्व्ह दाबा. ‘फट्ट’ आवाज आला तर हवा धरली आहे. काहीच ऐकू आलं नाही तर कुठेतरी गळती आहे, बहुधा व्हॉल्व्हमध्येच, आणि ती दुरुस्ती महागडी. भोंग्यावरचे पोचे चालतील, माउथपीसलगतच्या नळीवरचे नकोत. तिथे गुलाबी ठिपके असतील तर पितळ आतून कुजतंय. तीनच व्हॉल्व्ह असतील तर 1 आणि 3 एकत्र दाबल्यावर स्वर चढा लागणारच, म्हणून शक्यतो चार व्हॉल्व्हचा बघा.