वर्गात फुकट वेबसाइट वापरताय? या चुका टाळा

शिक्षण परिषदेला गेलं की नवीन शिक्षक हमखास विचारतात, "सर, चांगल्या फुकट साइटची यादी द्या ना." यादी दोन मिनिटांत होते: फेट (विज्ञान-गणिताची सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावर स्वतः करून बघायचे प्रयोग), जिओजेब्रा (भूमिती आणि आलेख), स्टोरीवीव्हर (मुलांच्या गोष्टी), दीक्षा (सरकारी अभ्याससाहित्य). पण मूल नेमकं कुठे अडतंय हे न बघता साइट शोधायला लागणं हीच पहिली चूक. आधी अडचण, मग साइट.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे मुलांसमोर उभं राहून लिंक उघडणं. चौथीचा वर्ग होता, 38 मुलं. फोनचा हॉटस्पॉट लॅपटॉपला जोडला आणि पडद्यावर चाक फिरत राहिलं. पाच मिनिटं मुलं शांत बसली. मग मागच्या रांगेत ढकलाढकली सुरू झाली आणि तास गेला. खरं तर फेटची बहुतेक नवी सिम्युलेशन एकेका एचटीएमएल फाइलमध्ये उतरवून घेता येतात. ती ब्राउझरमध्ये नेटशिवाय चालतात, आणि बरीच मराठीतही आहेत. आता मी आदल्या रात्री फाइल उतरवतो, वाय-फाय बंद करून प्रत्येक बटण दाबून बघतो आणि मगच पेनड्राइव्हवर घेतो. "रेंज असतेच की आमच्याकडे" हे उत्तर मला अजिबात पटत नाही.

खेळाच्या साइटवर मधेच जाहिरात आली, तर ती साइट वर्गासाठी बाद. मुलांची नावं, फोटो टाकून खाती काढू नका. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्यांना मूल धरलं आहे आणि पालकांची संमती लागते. स्टोरीवीव्हरवर गोष्ट निवडताना तिचा वाचनस्तर बघा. नुसतं चित्र बघून चौथ्या स्तराची गोष्ट दुसरीला देऊ नका.

दुसरी मोठी चूक म्हणजे हाताला काही न देता थेट पडद्याकडे वळणं. अपूर्णांकाचं सिम्युलेशन दाखवलं, मुलांनी आकडे वरखाली केले, वर्तुळं रंगली, सगळे खूश. मग विचारलं, 1/2 मोठा की 2/4? एक मुलगी ठामपणे म्हणाली, "2/4. त्यात दोन तुकडे आहेत." अर्ध्या वर्गाने माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी सारख्या लांबीच्या कागदी पट्ट्या दिल्या. तिने एक पट्टी एकदा दुमडली, दुसरी दोनदा, नखाने घडी दाबली, दोन्ही एकमेकींवर ठेवून बराच वेळ बघितलं. "सर, सारखंच येतंय." तेच सिम्युलेशन पुन्हा लावलं तेव्हा ती पडद्यावर काय दिसेल ते आधी सांगत होती. तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे: पट्टी, वहीत अंदाज, मग पडदा. यात एक तासिका जास्त जाते. ती वाचवायला जाऊ नका, पुढे महिनाभर तेच पुन्हा शिकवावं लागतं.

वर्गात एकच फोन असेल तर प्रश्नोत्तरांसाठी प्लिकर्स हे ॲप वापरा. मुलं काळा-पांढरा कोड छापलेलं कार्ड फिरवून उत्तर दाखवतात आणि शिक्षक फोनने ते टिपतो. पण कार्डांना चकचकीत लॅमिनेशन करू नका, खिडकीचा उजेड पडला की फोनला कोड दिसत नाही. साध्या जाड पुठ्ठ्यावर चिकटवा, आणि बोटं काळ्या भागावर येणार नाहीत असं कडेला धरायला पहिल्याच दिवशी शिकवा.