उचलायचं नाही, तोलून धरायचं: म्हाताऱ्या कुत्र्याचे मागचे पाय चालते ठेवताना

आमच्या खंड्याला तेरावं सरून चौदावं लागलंय. आई लॅब्राडॉर, बाप गल्लीतला. गेल्या आषाढात स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी त्याचे मागचे पाय दोन्हीकडे फाकले आणि तो खाली बसला. उठायची धडपडही केली नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला. शेजारच्या काकू म्हणाल्या, "कमरेतून गेला गं." तो गेला नव्हता. आज तो रोज अंगणातून फाटकापर्यंत जातो, बहुतेक दिवशी स्वतःच्या पायांनी. मी कराडला शिवणकाम करते. माझ्याकडे ब्लाउज टाकायला येणाऱ्या दोघीतिघींच्या घरी अशीच म्हातारी कुत्री आहेत. त्या विचारत असतात, म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढते.

पहिलं काम डॉक्टरांचं. "वय झालं" हे काही आजाराचं नाव नाही. मागचे पाय खुब्याच्या संधिवातानं धरतात, मणक्यात नस दाबली गेल्यानं लुळे पडतात, आणि आपल्याकडे गोचीड ताप झाला तरी कुत्रं मागून डगमगतं. प्रत्येकाचा उपाय वेगळा. खंड्याचं रक्त तपासलं, एक्स-रे काढला. दोन्ही खुबे झिजलेले आणि कमरेच्या मणक्यांना हाड वाढलेलं निघालं. जाण्याआधी घरी एवढं बघून ठेवा. कुत्र्याला उभं करून पोटाखाली हाताचा आधार द्या आणि मागचा एक पंजा अलगद उलटा, वरची बाजू जमिनीला टेकेल असा ठेवा. नस शाबूत असेल तर ते लगेच पंजा सरळ करतं. तसाच उलटा राहिला तर ही गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगा. मागच्या नखांची वरची बाजू घासलेली दिसते का तेही बघा, म्हणजे पाय ओढत चालतो की नाही ते कळतं. आणि काल चालणारं कुत्रं आज अचानक मागचे पाय ओढू लागलं, किंवा त्याला लघवीच होत नसेल, तर उद्यावर ढकलू नका. मणक्याच्या दुखण्यात तासातासाला फरक पडतो.

आपल्या डब्यातली दुखण्याची गोळी द्यायची नाही. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, कुठलीच नाही, अर्धी मोडूनसुद्धा नाही. कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, यकृत आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. कुत्र्यांसाठी वेगळी औषधं आहेत, ती वजनावर मोजून डॉक्टर देतात. ती मात्र घाबरून टाळू नका. दुखणं दाबल्याशिवाय कुत्रं पाय टाकत नाही, आणि पाय टाकला नाही की मांडीचं मांस उतरत जातं.

खंड्याकडे आठवडाभर बघून मला जे उमगलं ते असं: पाय अधू होण्याच्या आधी त्याचा धीर गेला होता. फरशीवर एकदा घसरला की तो त्या खोलीत यायचा बंद व्हायचा. दोनदा घसरला की उठायचा बंद. म्हणून आधी घसरणं थांबवायचं, व्यायाम वगैरे त्यानंतर. आमच्या घरात तीन खोल्यांना गुळगुळीत फरशी आहे. मी गोणपाट अंथरून बघितलं, ते त्याच्यासकट सरकायचं. गोधडीचंही तेच. शेवटी गालिच्याखाली घालतात ती जाळीदार रबराची चटई आणून कापली आणि वर जुन्या योगा मॅटचे तुकडे टाकले. सगळं घर झाकायची गरज नाही. त्याची वाट झाका: अंथरुणापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत, तिथून दारापर्यंत. जिथे तो वळतो तिथे दुप्पट रुंद टाका, कारण कुत्रं सरळ चालताना कमी आणि वळताना जास्त पडतं. दोन तुकड्यांत फट ठेवू नका. माझी वीतभर फट राहिली होती, खंड्या तिच्या काठाशी येऊन थांबायचा, ओढा आडवा आल्यासारखा.

पंजेही बघायला हवेत. नखं वाढली की पंजा मागे कलतो आणि पंजाखालच्या मऊ गाद्या जमिनीला नीट टेकत नाहीत. फरशीवर टकटक ऐकू आली की नखं वाढलीत असं समजा. काळ्या नखात आतली शीर दिसत नाही, म्हणून दर आठवड्याला अगदी टोकाचा कण कापायचा. रक्त आलंच तर हळद दाबून धरायची. पंजाच्या गाद्यांमधले केस बोथट टोकाच्या कात्रीनं गाद्यांच्या पातळीत आणायचे. एवढ्यानंच त्या दिवशी त्याची चाल बदलली.

आता मागचं अंग तोलून धरायचा पट्टा. सुरुवातीला मी जुनी ओढणी पोटाखालून घालून त्याला उचलायचे. ओढणी गोळा होऊन दोरीसारखी व्हायची आणि मांडीच्या सांध्यात रुतायची. दोन दिवसांत कातडी लाल झाली. त्याहून वाईट म्हणजे ती नेमकी त्याच्या लघवीच्या जागेवर यायची, त्यामुळे अंगणात नेऊनही त्याला मोकळं होता येईना. मी समजत होते की त्याला बाहेर करायचंच नाही. माझंच कापड आडवं येत होतं हे कळायला तीन दिवस गेले. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

मग नीट माप घेऊन शिवला. जुन्या जीन्सचा एक पाय उसवून सपाट केला. रुंदी नऊ इंच, लांबी पोटाखालून दोन्ही कुशींवर वरपर्यंत येईल इतकी. खंड्याला सव्वीस इंच लागली. आत जुन्या ब्लँकेटचं अस्तर, उलटीकडून मऊ सुती कापड. शिवण अंगाकडे अजिबात येऊ द्यायची नाही, कडा बाहेर दुमडायच्या. कुत्रा नर असेल तर पुढच्या कडेला मधोमध गळा कापतो तसा अर्धगोल कापायचा, चार इंच रुंद आणि तीन इंच खोल, आणि त्याच्या कडेला पायपीन, म्हणजे तिरक्या कापडाची पट्टी, लावायची. मादीला पुढून कापायची गरज नसते, पण मागची कड शेपटीखाली जाऊ द्यायची नाही. धरायला दप्तराचा जाड पट्टा. तो फक्त टोकांना जोडला तर ओढ टोकांवर येऊन कापड मधे लोंबतं. म्हणून पट्टा कापडाच्या खालून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड न्यायचा, दोन ओळींत. चारही टोकांना चौकोनी टीप घालून आत फुली मारायची. अठरा नंबरची सुई लावा, सोळाची जीन्सच्या चार पदरांत मोडते. पट्ट्याची उंची ठरवताना कुत्र्याला शेजारी उभं करा, आपण ताठ उभं राहा, हात सैल सोडा; मूठ जिथे येते तिथे पट्टा संपला पाहिजे. आखूड केलात तर महिन्याभरात तुमची कंबर धरेल. असे दोन शिवा, एक धुण्यात जातो.

पट्टा वापरायची रीत त्याच्या शिवणीपेक्षा महत्त्वाची. सगळं वजन वर ओढलंत तर पाय हवेत तरंगतात आणि कुत्रं पुढच्या दोन पायांवर धावत सुटतं. पट्टा ताठ ठेवायचा, पण वर खेचायचं नाही. तो कलला तर तोलायचा, बसायला लागला तर थोपवायचा. चांगल्या दिवशी माझ्या हाताला पिशवीत दोन नारळ असावेत एवढाच भार लागतो. पंजे जमिनीला टेकले पाहिजेत, आणि दर पावलाला मांडी आवळताना दिसली पाहिजे.

चालणं थोडं थोडं, पण रोज. पूर्वी आम्ही सकाळी पाऊण तास कृष्णेच्या काठानं जायचो. आता दिवसातून तीनदा दहा-दहा मिनिटं. मागच्या नखांचा जमिनीवर खर्र असा आवाज यायला लागला की तिथून परत. आणि खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी: उठताना नेहमीपेक्षा जास्त आखडला असेल तर काल जास्त झालं. उन्हाळ्यात ऊन उतरल्यावरच न्या. हात रस्त्यावर टेकवून बघा, आपल्याला सोसत नसेल तर त्यालाही नाही.

डॉक्टरांनी तीन व्यायाम दाखवले. उभं असताना कमरेला हात लावून हलकेच डावीकडे, मग उजवीकडे ढकलायचं, दहा वेळा, तोल जाणार नाही इतपतच. दुसरा, बसवून उठवायचं, पाच वेळा, दर वेळी उकडलेल्या कोंबडीचा नखाएवढा तुकडा. तिसरा मला सगळ्यात आवडतो. वेळूच्या चार काठ्या अंगणात त्याच्या एका अंगाएवढ्या अंतरावर ठेवायच्या आणि त्यांवरून हळू चालवायचं. पाय मुद्दाम उचलावा लागतो, म्हणून त्याचं लक्ष मागच्या पायांकडे जातं. पहिल्या दिवशी चारही काठ्या त्याच्या पायांनी उडवल्या. तिसऱ्या आठवड्यात एकही नाही. थंडीत हे सगळं करण्याआधी गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून खुब्यांवर दहा मिनिटं. आधी ती आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायची.

वजन उतरवल्यानं जो फरक पडतो तो कशानंच पडत नाही. खंड्या ३१ किलोंचा होता, पाच महिन्यांत २७ वर आणला. मी भाकरी निम्मी केली, वरचं तूप बंद केलं, पण कोंबडी आणि अंडं तेवढंच ठेवलं, कारण मांस टिकायला हवं. पोट भरल्यासारखं वाटावं म्हणून उकडलेला लाल भोपळा. कांदा-लसूण कशातच नाही. बरगड्यांवर तळवा फिरवला की त्या मोजता आल्या पाहिजेत, पण लांबून दिसता कामा नयेत. सासूबाईंना आधी हे पटेना, म्हाताऱ्या जिवाला उपाशी ठेवतेस म्हणायच्या. तो आपणहून उठून त्यांच्या खोलीत आला त्या दिवसापासून त्याच मला भाकरी मोजून देतात.

दाराला तीन पायऱ्या आहेत, मिळून दीड फूट उंच. यांनी सहा फुटी प्लाय टाकून उतार केला, वर काथ्याची चटई ठोकली आणि दोन्ही कडांना पट्ट्या मारल्या. फुटाला चार फूट लांबी हे प्रमाण कमीत कमी धरा. पहिले काही दिवस तो उतारावर जाईना, तेव्हा फळी सपाट जमिनीवर ठेवून तिच्यावर त्याला जेवायला दिलं.

झोपायला फार मऊ गादी नको, त्यातून उठता येत नाही. आम्ही कापसाची गादी नव्यानं पिंजून भरून घेतली. फार वेळ पडून राहणाऱ्या कुत्र्याची कूस दर चार तासांनी बदला आणि कोपर, खुबे रोज हातानं चाचपा. केस गेलेला लाल डाग दिसला की जखमेची सुरुवात आहे. शेपटीखालचे केस आखूड ठेवा, लघवीनं भिजलं तर कोमट पाण्यानं धुऊन पूर्ण कोरडं करा. पावसाळ्यात ओलसर जागेवर माशी बसली की दोन दिवसांत किडे पडतात, आणि शेपटीखाली ते लवकर दिसत नाहीत.

चाकांच्या गाडीबद्दल विचारतात. पुढचे पाय भक्कम असतील तर ती फार उपयोगी आहे. पाय थोडे तरी चालत असतील तर पंजे जमिनीला लागतील अशी तिची उंची ठेवायची, आणि गाडीत कुत्र्याला एकटं सोडून जायचं नाही. खंड्याला अजून लागलेली नाही. लागेल तेव्हा त्याचं माप माझ्या वहीत लिहिलेलं आहे.

एक सवय मात्र आजच लावून घ्या. आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी रोज खूण करते: पट्ट्याशिवाय फाटकापर्यंत गेला तर बरोबर, पट्टा लागला तर आडवी रेघ, उठलाच नाही तर गोल. डॉक्टरांकडे जाताना ते पान फोनवर फोटो काढून नेते. रोज बघणाऱ्याला उतार-चढाव कळत नाहीत, खुणांत कळतात. सलग तीन गोल आले की मी वाट बघत नाही. या महिन्यात आज एकोणीस तारीख. चौदा बरोबर, चार रेघा, एक गोल. तो गोल रात्रभर पाऊस लागला त्या दिवसाचा आहे.