विमानप्रवासात फिल्मचे रोल एक्स-रेपासून कसे वाचवावेत

न धुतलेला रोल चेक-इन सामानात कधीच ठेवू नका. त्या सामानाच्या तपासणीला तीव्र किरण वापरतात आणि एका फेरीतही फिल्मवर धुकट थर किंवा पट्टे उमटू शकतात. रोल १०० आयएसओचा, म्हणजे प्रकाशाला कमी संवेदनशील असला (आकडा जितका मोठा, तितकी संवेदनशीलता जास्त), तरी धोका टळत नाही. सगळे रोल केबिन बॅगेत, अगदी वर ठेवा.

खरी तयारी घरीच होते. रोल पुठ्ठ्याच्या खोक्यांतून आणि काळ्या डब्यांतून काढून पारदर्शक झिपच्या पिशवीत भरा. पाहणाऱ्याला एका नजरेत कळलं, तर तो हाताने तपासायला सहज तयार होतो. कॅमेऱ्यात अर्धवट रोल ठेवून विमानतळावर जाऊ नका, कारण मागचं झाकण उघडून दाखवता येत नाही. उरलेल्या फ्रेम आधीच संपवा.

एक्स-रे अडवण्यासाठी मिळणाऱ्या शिशाच्या पिशवीवर पैसे घालवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. पडद्यावर काळा ठोकळा दिसला की बॅग पुन्हा आत जाते किंवा उघडायला लावतात.

रांगेत उभे राहिलात की यंत्र ओळखा. लॅपटॉप बॅगेतच राहू द्या असं सांगत असतील, तर ते बहुधा सीटी स्कॅनर, म्हणजे साध्या एक्स-रेपेक्षा जास्त तीव्र किरणांचं यंत्र आहे. पडद्यावर सामानाचं फिरवता येणारं त्रिमितीय चित्र दिसलं, तर शंकाच नको. त्यातून एकही फेरी नको. कोडॅकचाही सल्ला हाच आहे. साध्या एक्स-रेतून १०० ते ४०० आयएसओचे रोल काही वेळा गेले तर सहसा निभावतं. ८०० आणि त्यापुढचे मात्र जपायलाच हवेत. इन्स्टॅक्स या झटपट फोटो देणाऱ्या कॅमेऱ्याची फिल्मही ८०० आयएसओचीच असते. ४०० चा रोल १६०० ला पुश करणार असाल, म्हणजे १६०० चा मानून फोटो काढून जास्त वेळ धुणार असाल, तर तो १६०० चाच समजा.

परिणाम साठत जातो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. दुबई किंवा दोहामार्गे युरोपला जाताना वाटेत पुन्हा तपासणी होते. मुंबई मेट्रोच्या स्टेशनवर बॅग यंत्रात घालता, तीही एक फेरीच.

ट्रे पुढे सरकण्याआधी पिशवी हातात धरून जवानाला विचारा : “साहेब, हे कॅमेऱ्याचे रोल आहेत, अजून धुतलेले नाहीत. हाताने तपासाल का?” आपल्याकडे हा निर्णय सीआयएसएफच्या जवानाच्या हाती असतो. म्हणून अर्धा तास लवकर पोहोचा. गर्दीच्या वेळी कोणीही कंटाळतो. अमेरिकेत अशी विनंती सहसा मान्य होते. ब्रिटनमध्ये कमी आयएसओच्या रोलसाठी अनेकदा नकार मिळतो. स्फोटकांचा अंश शोधायला पिशवीवर कापड फिरवतात, त्याने फिल्मला काही होत नाही. धुतलेल्या निगेटिव्हना आणि मेमरी कार्डांनाही एक्स-रेची भीती नाही.

वाटेत सीटी स्कॅनर टळणारच नसेल, तर मुक्कामाच्या शहरातच रोल धुऊन घ्या. पार्सलने घरी पाठवायचा विचार असेल तर तो सोडा, कारण टपालाच्या सामानाचाही एक्स-रे होऊ शकतो.